भिंतीपाशी तू काय केलंस

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर शाळेच्या ऑफिसात फोन आला. अंदमानहून बिनय बोलत होता, यासीनच्या बोटीवरचा. तो म्हणाला, यासीन गेला. मी फोन ठेवला आणि आठवीच्या तासाला गेलो. फळ्यावर तारीख लिहिली. मग खुर्चीवर बसलो.

यासीन, त्या दिवसापासून मला तुझ्यासाठी नीट रडताही आलेलं नाही. रडायला बसलो की कुणीतरी येतं, काहीतरी शहाणपणाचं बोलतं आणि मी रडायचं सोडून चिडतो. पोहणाऱ्यांबद्दलची ती एक म्हण आहे ना, ती मला दूधवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी ऐकवली. ती मी इथे लिहिणार नाही. ज्याने ती पहिल्यांदा म्हटली असेल, त्याच्यावर बुडालेल्या माणसाच्या आईसमोर बसायची वेळ आली नसावी.

म्हणीचं एक वेळ सोडून देऊ. दत्ताभाऊचं काय करू? कुरकुंभच्या कारखान्यांना कामगार पुरवणारा ठेकेदार, मित्रांबरोबर अंदमानच्या सहलीला आलेला, आणि शेवटी पाण्याखाली तुझ्याबरोबर असलेला एकमेव माणूस. तो परत आला आणि चौकातल्या हॉटेलात बसून त्याने सगळ्या दौंडला सांगितलं. मीही तिथे उभा राहून ऐकलं.

"यासीन घाबरला. पार घाबरला. खालनं माझा पाय धरला आन् मला बी घेऊन चालला हुता. लाथ घातली, सुटलो, म्हणून आज चहा प्यायला तुमच्यात हाय."

"आन् त्यो तिथला मास्तर म्हणं!" कुणीतरी म्हणालं.

"मास्तर कसला. पगारी हमाल."

लोक हसले. तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मग एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या. प्रसंगावधान राखल्यामुळे पर्यटक बचावला, प्रशिक्षक बुडाला. प्रसंगावधान! हा शब्द मी मुलांना वाक्यात उपयोग करायला देतो. यापुढे देणार नाही.

तू गेलास तेव्हा मी तिकडे नव्हतो. पण भिंतीपाशी तू काय केलंस ते मला माहीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार आहे. हळूहळू लिहीन. मला घाईने लिहिता येत नाही. "मास्तर, तुझं एक वाक्य हुईस्तोवर माझी टाकी संपती," असं तूच म्हणायचास.

सुरुवात आमच्या कवठे येमाईच्या विहिरीपासून करावी लागेल. आमच्या घरात मेंढरं संपून शेती आली त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आबांना विहिरीचं कौतुक होतं आणि भीतीही. पाइप तुटून मोटार तळाला गेली आणि आबांनी दौंडहून तुझ्या अब्बांना बोलावलं. विहिरीत पडलेल्या मोटारी, बादल्या, भांडी काढायची हा त्यांचा धंदा. ते आले, आणि त्यांच्यामागून दोर खांद्यावर घेऊन तू. आपण दोघे सातवीत असू. तुझ्या अब्बांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि "आठ परस हाय," म्हणाले. हात वर केलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. मला ते माप फार आवडलं. माणसाने माणूसच लावून पाणी मोजायचं.

कमरेला दोर बांधून ते उतरले. दोराचं दुसरं टोक त्यांनी मला दिलं, तुला दिलं नाही.

"अब्बा, मी धरतो की," तू म्हणालास.

"तू बोलतो लई. दोर धरणाऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई. ह्यो पोरगा मुका दिसतोय, ह्यो बरा."

तू मला त्या दिवसापासून मुका म्हणायला लागलास. मी दौंडच्या शाळेत नोकरीला लागल्यावर मास्तर म्हणायला लागलास. बिरू या माझ्या खऱ्या नावाने फक्त तुझी अम्मी हाक मारते.

मोटार वर आल्यावर तुझ्या अब्बांनी आपल्याला विहिरीच्या पायऱ्यांवर बसवून एक गोष्ट शिकवली. ती त्या सगळ्या पट्ट्यात, शिरूरपासून दौंडपर्यंत, पोहायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला शिकवतात. बुडणारा माणूस पाय धरतो. पाय धरला की दया करायची नाही. लाथ घालायची, सुटायचं, वर यायचं, आणि मग दोर टाकून त्याला काढायचं. "न्हाईतर दोघं जात्यात," ते म्हणाले. खरं होतं ते. विहिरीत खरं होतं.

मी पोहायला शिकलोच नाही. तू मात्र भीमेच्या डोहात, खाणीच्या खड्ड्यात, जिथे पाणी दिसेल तिथे उतरत राहिलास. मग पोर्ट ब्लेअरला गॅरेज चालवणाऱ्या मामेभावाकडे गेलास. तिकडे गाड्या दुरुस्त करण्याऐवजी एका डायव्हिंग सेंटरवर हवेच्या टाक्या भरायला लागलास. टाक्या भरता भरता शिकलास, परीक्षा दिल्यास, पुढे लोकांना शिकवायला लागलास. पावसाळ्यात तिकडचं काम बंद असे. तेव्हा तू घरी यायचास आणि स्टेशनजवळच्या आपल्या नेहमीच्या बाकावर बसून मला बेटांभोवतीच्या पाण्याची वर्णनं सांगायचास. खोली तू मीटरमध्ये सांगितलीस की मी म्हणायचो, परसात सांग. तू बोटांवर हिशोब करायचास आणि मला शिव्या घालायचास.

नव्वदचं दशक संपता संपता आपल्याकडचे लोक अंदमानला सहलीला जायला लागले. उसाचे पैसे, कारखान्यांचे पैसे, जमिनींचे पैसे. एका पावसाळ्यात तू म्हणालास, "मराठी लोक लई यायलेत. त्यांना इंग्रजी कागद समजत न्हाई, आन् समजला तरी वाचत न्हाईत. तू मराठीत लिही. कुणी कुठं उतरायचं, कुणी न्हाई."

आपण दोघांनी तीन जागा निवडल्या. नकाशावर त्यांना इंग्रजी नावं होती. तू म्हणालास, आपली नावं देऊ.

पहिली ओटा. किनाऱ्यालगतचा वाळूचा सपाट पट्टा, दोन-तीन परस पाणी, मऊ हालणारी प्रवाळं आणि खडक कुरतडणारे हिरवे-निळे पोपटमासे. कधीही टाकी न लावलेल्यांसाठी. दुसऱ्या जागेचं नाव तू माझ्याकडे मागितलंस. "मोठमोठे गोल खडक हायत, अंगावर प्रवाळ. लांबून बघितलं की वाटतं तुझ्या आज्याची मेंढरं रवंथ करत बसलीत." मी म्हणालो, मग मेंढवाडा. तू मांडीवर थाप मारलीस. सहा-सात परस, शिकून परीक्षा दिलेल्यांसाठी. आणि तिसरी भिंत. बेटाच्या बाहेरच्या टोकाला जमीन एकदम संपते. दहा परसांवर एक पायरी, तिच्यापुढे खाली नुसतं निळं. भरती-ओहोटी पलटताना तिथला प्रवाह माणसाला भिंतीवरून पुसून नेतो. पुष्कळ वेळा उतरलेल्यांसाठी, आणि तेही पाणी थांबलेलं असतानाच.

इथपर्यंत आपलं जमलं. भांडण पुढच्या वाक्यावर झालं.

त्या वाक्यासाठी मला तुझ्याकडे यावं लागलं. दिवाळीच्या सुट्टीत चेन्नईहून बोटीने आलो, उलट्या करत. तू मला जेट्टीवर पाहिलंस आणि पहिलं वाक्य बोललास, "मास्तर, तू आत्ताच बुडाल्यासारखा दिसतोयस." दुसऱ्या दिवशी ओट्यावर नेलंस. आपल्याबरोबर शिरूरकडचा एक पैलवान होता. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. तो सांगत होता, विहिरीच्या काठावरून सूर मारून तळाची माती आणतो. मी सांगत होतो की मला पोहता येत नाही. तू दोघांचं ऐकलंस आणि मला म्हणालास, "तुझी काळजी न्हाई."

पाण्यात मला काहीच येत नव्हतं म्हणून तू सांगितलंस तेवढंच मी केलं. तोंडातल्या नळीतून आत घे, बाहेर सोड, आत घे, बाहेर सोड. त्या मिनिटांबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो. मला माझ्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, एक मासा माझ्या चष्म्याकडे पाहत होता, आणि तू समोर गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी मला सांगत होतास की असंच, असंच. आयुष्यात मला कुणी इतक्या शांतपणे काही शिकवलेलं नाही. मी इतकी वर्षं मुलांना शिकवतो, मला ते जमलेलं नाही.

आणि मग तो पैलवान. त्याच्या चष्म्यात थोडं पाणी शिरलं. त्याने काय केलं? विहिरीतला माणूस करतो तेच. तोंड घट्ट मिटलं, श्वास धरला आणि वर झेपावला. मी पाहत होतो. तू वळलास, त्याचा घोटा धरलास, त्याला लटकवल्यासारखा धरून ठेवलास आणि मुठीने त्याच्या पोटात ढोसलंस. त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट निघाला. मग तू त्याला सोडलंस आणि हळूहळू त्याच्याबरोबर वर गेलास.

वर आल्यावर तो तुला मारायला उठला. "आरं ये! पोटात गुद्दा कशापायी हाणला?"

"फुगा फुटू नये म्हणून."

"कसला फुगा?"

"तुमच्या छातीतला, पैलवान."

मग बोटीच्या कडेवर बसून तू समजावलंस, आणि मी जन्मभराचं शिकलो. विहिरीत आपण वरचा श्वास घेऊन खाली जातो. तो खाली आवळतो आणि वर आल्यावर पुन्हा तेवढाच होतो. कितीही धरा, अपाय नाही. पण टाकीतली हवा आपण खालीच घेतो, खालच्या दाबाची. ती छातीत कोंडून वर आलं तर हवा फुगते, छाती फुगत नाही. फुप्फुस फाटतं. दोन-तीन परसांवरूनसुद्धा फाटू शकतं. म्हणून टाकी लावल्यावर श्वास धरायचा नाही, कधीच नाही. आणि कुणी धरला तर त्याला पकडून श्वास सोडायला लावायचा. पैलवानाने ऐकून घेतलं, पोट चोळलं आणि रात्री तुला कोळंबी खाऊ घातली.

तू मला म्हणालास, "मास्तर, माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी तू. तुला काही येत न्हाई ना, म्हणून."

तेव्हा मी ते वाक्य लिहिलं. "विहिरीत व नदीत पट्टीच्या पोहणाऱ्यांनी स्वतःला नवशिके समजून ओट्यावरूनच सुरुवात करावी, त्यांची श्वास रोखण्याची सवय येथे घातक आहे." मी पुढे आणखी लिहिलं की अशांना भिंतीवर नेले जाणार नाही. तू म्हणालास, ते काढ.

"का?"

"नेलं जाणार न्हाई असं कसं? वरच्या पायरीपतुर येऊ दे की. एवढ्या लांबनं आल्यात. गावाकडची माणसं. मी हाय ना धरायला."

"नियम म्हणजे नियम."

"पाणी शाळा न्हाई, मास्तर. जागा कुणासाठी हाय ते जागा ठरवत न्हाई, त्या दिवशी कोण बरूबर हाय त्यावर हाय."

मी म्हणालो, आणि तू बरोबर नसशील तेव्हा? तू हसलास. हे भांडण आपण पुढची कितीतरी वर्षं फोनवर चालवलं. ते अजून संपलेलं नाही यासीन, आणि माझं मत बदललेलं नाही. तुझा जीव मऊ होता. मऊ जीवाचा फायदा घेणारे लोक जगात भरपूर असतात, हे मी पुस्तकं वाचून सांगत होतो आणि तू मला पुस्तकी म्हणत होतास. कागदापुरता वाद मिटवायला तेव्हा आपण माझं पहिलं वाक्य ठेवलं आणि दुसरं गाळलं.

मग ते पहिलंही गेलं. पुण्याच्या एका सहल कंपनीने तुमच्या सेंटरशी करार केला आणि आपला कागद रंगीत छापला. तू एक प्रत मला पाठवलीस. ओटा, मेंढवाडा, भिंत ही नावं त्यांनी ठेवली होती, लोकांना गंमत वाटते म्हणून. पण ओट्याखाली छापलं होतं, "पोहता न येणाऱ्यांसाठी". मेंढवाड्याखाली, "सहकुटुंब". आणि भिंतीखाली, "उत्तम पोहता येणाऱ्या साहसवीरांसाठी". आपलं वाक्य नव्हतं.

म्हणजे ज्या माणसाला भिंतीपासून सगळ्यात लांब ठेवायचं, त्याच्याच हातात त्यांनी भिंतीचं आमंत्रण दिलं होतं.

मी रजा टाकून पुण्याला त्यांच्या ऑफिसात गेलो. तुला हे मी पुरतं सांगितलं नव्हतं, तू चिडवलं असतंस म्हणून. टाय लावलेला एक तरुण माझ्याशी फार आदराने बोलला.

"सर, ते वाक्य थोडं निगेटिव्ह वाटत होतं."

"ते खरं आहे."

"हो, पण कस्टमरला आपण असं कसं सांगणार, की तुम्हाला पोहता येतं म्हणून तुम्ही कच्चे? लोक दुखावतात, सर."

"दुखावू देत. मरणार तर नाहीत."

"सर, खाली ट्रेंड इन्स्ट्रक्टर असतोच ना."

त्याने मला थंड पाणी दिलं आणि कॅलेंडर दिलं. ते कॅलेंडर मी रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकलं. संध्याकाळी तुला फोन केला, कागद बदलेपर्यंत कुणालाही भिंतीवर नेऊ नकोस म्हणालो. तू काय म्हणालास?

"असू दे रं. कागद काय पाण्यात येतोय? खाली तर मीच हाय ना."

तो टाय लावलेला मुलगा आणि तू, दोघांनी एकच उत्तर दिलंत. त्याने ते स्वतःच्या सोयीसाठी दिलं, तू दुसऱ्यांच्या हौसेसाठी दिलंस. पण भार दोघांनीही एकाच माणसावर टाकला. मी तुझ्यावर रागावलो आहे, आणि तू गेलास म्हणून तो राग कमी करणार नाही. मेलेल्या माणसावर रागवू नये असं म्हणतात. मग कुणावर रागवायचं?

बिनय तुझ्याबरोबर आला होता, आधी विमानाने पुण्यापर्यंत, मग गाडीने दौंडला. म्हातारा नावाडी, आयुष्यात पहिल्यांदा अंदमान सोडून निघालेला. दफनानंतर मी त्याला माझ्याकडे जेवायला नेलं. तो जेवला नाही. त्याने जे पाहिलं होतं ते सांगितलं. दत्ताभाऊ आणि त्याचे मित्र कागद घेऊनच आले होते. भिंतीचे पैसे एकट्या दत्ताभाऊने भरलेले होते, मित्र बोटीवरच थांबणार होते. तू म्हणालास, आधी ओट्यावर एकदा उतरा, मग बघू. सेंटरचा मालक म्हणाला, बोटीला वेळ नाही, दुपारी दुसरी तुकडी आहे. दत्ताभाऊ म्हणाला, "पोहता न येणाऱ्यांच्यात मला बसवतो व्हय? गावाकडचा ना तू?" आणि तू मान हलवलीस.

"यासीनभाई बोला, बस ऊपरवाली सीढ़ी तक," बिनय म्हणाला. "मैं बोट पे था. नीचे का नहीं देखा. वो साहब ऊपर आया, नाक से थोड़ा खून. मैंने पूछा भाई कहाँ है. बोला, मेरे को डुबा रहा था."

पाणी पलटलं होतं. तू टोकापलीकडच्या छोट्या खाडीत सापडलास. तुझा चष्मा नव्हता आणि नळी तोंडात नव्हती. तुला शेवटची आंघोळ घालणाऱ्या मोहल्ल्यातल्या लोकांनी मला सांगितलं की कानशिलावर वळ होता. ते म्हणाले, खडक लागला असेल.

मला त्या क्षणी पैलवान आठवला. घोटा आठवला, मूठ आठवली, बुडबुड्यांचा लोट आठवला. आधी दत्ताभाऊला एक प्रश्न विचारायचा होता.

त्याचं ऑफिस हायवेच्या कडेला आहे. दुपारची पाळी सुटलेली, बाहेर कामगारांची रांग. त्याने मला आत घेतलं, चहा मागवला.

"बसा मास्तर. लई वाईट झालं. तुमचा दोस्त ना?"

"हो. एक विचारायचं होतं. वर येताना तुम्ही श्वास धरला होता का?"

त्याच्या चेहऱ्यावर अभिमान आला. "म्हंजी काय! चष्म्यात पाणी गेलं, तवाच तोंड मिटलं. पहिल्यापासून दम हाय आपल्याला. एक बुडबुडा सोडला न्हाई."

"वर येईपर्यंत?"

"वर येईपतुर कुठलं? मधीच त्यानं पाय धरला. आन् वर पोटात गुद्दा! सगळा दम गेला बघा. तवाच म्हणतो, त्याचं डोकं फिरलं हुतं. बुडणारा माणूस पाय धरतो, ठीक हाय. पोटात कशाला मारंल?"

"कशाला मारेल?" मी म्हणालो.

त्याने चहाचा कप उचलला.

"तो तुम्हाला खाली ओढत होता, की नुसता धरून होता?"

त्याने कप खाली ठेवला. आठवून पाहिलं. एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता, ते मी नाकारत नाही. "वरच जात हुतो," तो म्हणाला. "पर हळू."

मग मी त्याला तू बोटीच्या कडेवर बसून सांगितलेलं सगळं सांगितलं. वरचा श्वास आणि खालचा श्वास. छाती आणि फुगा. पैलवान. बुडणारा माणूस आधार शोधतो, तो दुसऱ्याच्या छातीतली हवा काढायला जात नाही. तुमचं नाक फुटलं, छाती फुटली नाही, ती त्या एका गुद्द्यामुळे. आणि तुम्ही विहिरीत शिकलेली लाथ घातलीत, ती त्याच्या कानशिलावर बसली.

पंखा फिरत होता. दत्ताभाऊने स्वतःच्या उजव्या पावलाकडे पाहिलं.

"म्हंजी मी..." तो म्हणाला, आणि थांबला.

त्याचा फोन वाजला. त्याने घेतला. रात्रपाळीला माणसं कमी आहेत, केडगावहून चार पाठवा, असं काहीतरी बोलला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पुन्हा ठेकेदाराचा झाला होता.

"मास्तर, तुम्हाला जे वाटतं ते वाटू द्या. आता सगळीकडं सांगून झालंय. पेपरात आलंय. माझ्या पोरांनी शाळेत दाखवलंय ते. आता काय सांगू, माणूस मारून आलो म्हणून?"

"तुम्ही मारलं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी ते कागदावरून पुसलं."

"मग त्यांच्याकडं जा की."

"जाणार आहे. गावाला काही सांगू नका तुम्ही. पेपरलाही नको. फक्त त्याच्या अम्मीला सांगा. एकदा घरी या आणि सांगा की तो पाय कशासाठी धरला होता."

"बघू."

"कधी?"

"बघू म्हणलं ना, मास्तर."

मी आयुष्यात कुणावर ओरडलेलो नाही, आठवीच्या वर्गावरही नाही. त्या दिवशी हायवेवर एसटीची वाट बघताना मी एकटाच मोठ्याने बोलत होतो, आणि शेजारी उभी असलेली बाई लांब सरकली.

कंपनीला मी दोन पत्रं पाठवली. तुमच्या सेंटरच्या मालकालाही एक. त्यांचं म्हणणं असं की दुर्दैवी घटना प्रशिक्षकाच्या व्यक्तिगत निर्णयामुळे घडली. व्यक्तिगत निर्णय! ओट्यावर चला म्हणणं हा तुझा निर्णय होता, तो त्यांनी बोटीच्या वेळेसाठी मोडला. पाय धरणं हा तुझा निर्णय होता, तो दत्ताभाऊच्या छातीत अजून चालू आहे. पुढच्या हंगामाचा कागद मी मागवून पाहिला. भिंतीखाली अजून साहसवीरच आहेत. मी तिसरं पत्र लिहितो आहे.

तू असतास तर म्हणाला असतास, सोड मास्तर, त्याला काय माहीत, गावाकडचा माणूस आहे. मला ठाऊक आहे तू त्याला माफ केलं असतंस. बहुधा पाय धरतानाच केलं असशील, कारण तो काय करणार हे तुला त्याच्याआधी माहीत होतं. तुझ्या अब्बांनीच शिकवलं होतं. तुला माहीत होतं की लाथ येणार, आणि तू हात सोडला नाहीस. हे मला कुणाला तरी सांगायचं आहे, आणि जिने ते ऐकायला हवं तिला माझं सांगणं पुरत नाही.

मी अम्मीला सांगितलं, यासीन. मेंढवाड्याच्या नावापासून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बिरू बेटा, तू तवा तिथं व्हतास का?"

"नाही, अम्मी."

"मग तुला माया हाय म्हणून तू सांगतोस. ज्यो तिथं व्हता त्यो म्हणतो, माझ्या लेकानं त्याच्या लेकरांच्या बापाला खाली वढला."

मी पुन्हा सांगितलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा लहान मुलाच्या फिरवतात.

दत्ताभाऊ अजून आलेला नाही. अम्मी रोज पाच वेळा नमाज पढते. प्रत्येक वेळी ती आधी तुझ्या वतीने त्या माणसाची माफी मागते, आणि मग तुझ्यासाठी दुआ करते.